व्यंजन

आपल्याकडे गाणारा आ-कारावर थांबतो.
तोंड उघडलं की ओसरी उघडल्यासारखं,
या, बसा, पाणी घ्या.

हा गडी थांबतो र् वर.
दार लोटून घेतो
आणि आतून खांदा लावून धरतो ते,
र्‌र्‌र्‌र्
चाळीसगावच्या यार्डात
मालडब्यांना ब्रेक लागावेत तसा.
स्वर येतात आणि उतरून जातात.
न् वर, ल् वर, जिथं कुणी मुक्कामाला राहत नाही
तिथं हा बिऱ्हाड मांडतो.

नाव माहीत नाही.
कॅसेटवर जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं
हिलाल अण्णांच्या घामानं गेलं.
अण्णा भिलाईला वेल्डर होते.
क्रेनवरच्या गेन्नादीनं गावी परतताना दिली,
कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन.
सात तारा असतात त्या गिटारीला, अण्णा सांगायचे,
आणि मुद्दाम ढिल्या ठेवतात.
अंगठा दोन पायऱ्या उतरतो, एक चढतो,
एका पायानं अधू माणूस
रात्री जिना चढतोय असं वाटत राहतं.
तेवढंच. बाकी गिटार म्हणजे
पाठ टेकायला भिंत.

सुरुवात शेजाऱ्याला सांगितल्यासारखी,
काल काय झालं ऐक.
मग मध्येच, कडव्याच्याही आधी,
आवाज वर जातो, फाटतो,
आणि हा तो शिवत बसत नाही.
फाटका तसाच घालून पुढच्या ओळीत शिरतो.

नकलेची नक्कल, तिचीही नक्कल.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भरलेली:
कपात चमचा, खुर्ची सरकते,
तिसऱ्या गाण्याआधी एक बाई खोकते.
स्टेशन रोडला माझं टेप दुरुस्तीचं दुकान.
म्हटलं, अण्णा, खरखर कमी करून देऊ?
"ऱ्हाऊ दे रे. तिना खोकला जाई ना मंग."

एकदा फीत गुंतली. चुरगळलेला इंच
ब्लेडनं कापला, जोड दिला.
अण्णा स्टुलावर बसून बघत होते.
"किती गयं?"
अर्धा सेकंद, मी म्हणालो.
त्यांनी पैसे दिले, नको म्हणत असताना,
आणि दोन दिवस दुकानावरून गेले
ते रस्त्याच्या पलीकडून.

वाघळीच्या मळ्यात भरीत होतं त्या थंडीत.
पऱ्हाट्यांचा जाळ, वांगी तडतडत होती,
सहा सेलवर टेप बांधावर.
दौलत बडगीत मुसळ घेऊन बसलेला.
"हाऊ गास का भांडस?"
"दोन्ही," अण्णा म्हणाले, कांद्याची पात निवडत.
दौलत हसला, ठेचायला लागला,
आणि थोड्या वेळानं
मुसळ अंगठ्याच्या जागी पडायला लागलं.
खाली, खाली, वर.
त्याला पत्ता नव्हता. मी कुणाला बोललो नाही.
गाणं थांबलं तसा तोही थांबला,
म्हणाला, मिरच्या कमी पडल्यात.
कळण्याच्या पुऱ्या फिरल्या हातोहात.
गाणं कशाबद्दल होतं ते कुणी विचारलं नाही.

अण्णा गेले. दुकानात आता मोबाइलच्या काचा बसवतो.
परवा त्यांच्या घरी गेलो, कॅसेट द्यायला,
सोबत माझ्याकडचा शेवटचा चालू टेप.
येसूबाई गच्चीवर बिबडे घालत होत्या.
लावली. त्यांनी मान वर केली नाही.
चाळीस वर्षं या बाईनं
ह्या आवाजाला "तुमना तो घसा बसेल" म्हटलेलं.
खोकला झाला. तिसरं गाणं.
र् आला, जिना आला,
आणि मग तो जोड,
माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही
इतका नीट दिलेला.

येसूबाईंचा हात बिबड्यावर थांबला.
"आठे काही व्हतं," त्या म्हणाल्या.